सातव्या टीवरून डावीकडे

रविवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी गोल्फ क्लबच्या सेक्रेटरीने अकरा माणसांदेखत मला "अहो बाई, घरी जा" असं म्हटलं. वेळ मी तिथल्या तिथे घड्याळात पाहून घेतली. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या की अन्यायाची नोंद त्याच दिवशी, तारीख-वेळेसकट करावी. दुसऱ्या दिवशी केली की ते गाऱ्हाणं होतं. म्हणून बुटांची माती न झाडता लिहायला बसले आहे.

घडलं ते असं. आमच्या मैदानावरचा सहावा होल टेकाडापलीकडे आहे. मारणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही, म्हणून तिकडे खांबावर एक पितळी घंटा टांगलेली आहे. पुढच्या मंडळींनी तिथला खेळ संपवला की जाताना घंटा वाजवायची, मग मागच्यांनी चेंडू मारायचा. मी आणि वन्सं सहावा संपवून, घंटा वाजवून, रीतसर सातव्या टीवर, म्हणजे सातव्या होलचा पहिला चेंडू मारायच्या जागी, आलो. मागून सेक्रेटरी आणि त्याचे तीन मित्र टेकाड ओलांडून सहाव्याच्या हिरवळीवर आले. मी चेंडू मारला. तो सरळ निघाला, दहा-बारा पावलं शहाण्यासारखा गेला, मग नेहमीप्रमाणे डावीकडे वळला आणि थेट घंटेवर आदळला.

घंटा खणखणीत वाजली. टेकाडामागे दोघे ताटकळत होते. वाट मोकळी झाली असं समजून त्यांनी चेंडू मारले, आणि त्यातला एक सेक्रेटरीच्या पायापासून दीड वितीवर पडला.

आता चेंडू त्या दोघांपैकी एकाचा, घंटा क्लबची आणि पाय सेक्रेटरीचा. यात मी कुठे आले? पण "घरी जा" मला.

माझा चेंडू डावीकडे वळतो हे मी कधीच नाकारलेलं नाही. त्याला हूक म्हणतात. चांगल्याचांगल्यांना असतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पत्र आलं. हातोहात, सही घेऊन. "आपल्या चेंडूची दिशा समितीच्या समाधानाइतकी सुधारेपर्यंत आपण मैदानावर खेळू नये. सरावाच्या मैदानास हरकत नाही. रविवार, २३ फेब्रुवारी रोजी सकाळी साडेसात वाजता सातव्या टीवर आपली चाचणी घेण्यात येईल. सहापैकी चार चेंडू फेअरवेत (चुन्याच्या रेषांमधल्या पट्ट्यात) राहिले नाहीत, तर ९ मार्चच्या जोडी स्पर्धेत आपणांस भाग घेता येणार नाही."

जोडी स्पर्धेत मी आणि वन्सं अकरा वर्षं एकत्र खेळतोय. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. मी वयाने चार वर्षांनी मोठी, तरी मी अहो-जाहो करायचं आणि त्यांनी मला अगं-तुगं. लग्नात जे ठरलं ते ठरलं. मी नकाशा कार्यालयातून निवृत्त झाले तेव्हा तीन महिने घरातल्या भिंती बघत बसले होते. चौथ्या महिन्यात वन्संनी माझ्या हातात स्टिक दिली आणि म्हणाल्या, "वहिनी, ऊठ. तू रागावून बसलीस की माझ्या भावाचं वजन उतरतं." तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी. मी नसेन तर त्यांची जोडी कोणाशी लावतील, हे सांगायला ज्योतिषी नको. पांढऱ्या टोपीवाल्या मॅनेजरबाई वर्षभर वन्संच्या मागे आहेत. त्या बँकेत मॅनेजर होत्या आणि अजूनही समोरचा अर्ज घेऊनच आलाय अशा चेहऱ्याने बघतात.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मग सुधार." आमचे हे दातांचे डॉक्टर होते. चाळीस वर्षं समोरच्याच्या तोंडात हत्यारं घालून बोलायची सवय. उलट उत्तर मिळालं की गोंधळतात, म्हणून मी ते भरपूर दिलं.

वन्संचा फोन आला. "होईल गं नीट सगळं." पाय कसा आहे विचारलं. गेल्या महिन्यात त्या बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हापासून जरा लंगडतात. म्हणाल्या, "कोणता पाय? हां, तो. बरा आहे."

बुधवार, ५ फेब्रुवारी

बत्तीस वर्षं मी सरळ रेषा काढल्या. माझ्या हातच्या रेषेवर दोन गावांची हद्द ठरली आहे. माझा चेंडू सरळ जात नाही म्हणजे अक्कल कमी पडते असं नव्हे, पद्धत कमी पडते.

आणि पद्धत मला माहीत आहे. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे बघत नाही, थोडी बाजूला बघते. आम्ही कधी सुईला रागे भरलो नाही. फरक किती तो मोजायचा, नकाशाच्या कडेला लिहायचा आणि तेवढी वजावट करायची. हूक म्हणजे तेच.

सरावाच्या मैदानावर टेप घेऊन गेले. वीस चेंडू मारले. सरासरी चौदा पावलं डावीकडे. म्हणजे चौदा पावलं उजवीकडे तोंड करून मारला की झालं. लोक वर्षानुवर्षं शिकवण्या लावतात, आणि मला एक टेप आणि एक सकाळ पुरली.

घरी येऊन मोठ्या कागदावर नकाशा काढायला घेतला. जानेवारीपासूनचा प्रत्येक चेंडू, तारखेसकट. माझ्याकडे नोंदी आहेत. एकच चेंडू बेपत्ता आहे, १२ जानेवारी, सातवा टी. वन्सं म्हणाल्या होत्या, "झुडपात गेला, सोड." मला सोडायला आवडत नाही, पण त्या दिवशी त्यांना घरी जायची घाई होती.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चौदा पावलं उजवीकडे. पहिले तीन चेंडू झेंड्यापाशी. मी सेक्रेटरीच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता.

पुढचे सतरा सरासरी बावीस पावलं डावीकडे. वारा असावा.

रविवार, ९ फेब्रुवारी

वजावट बावीस केली. वन्सं सोबतीला आल्या. मी नेहमी चेंडू जिथे जायला हवा तिकडे बघते. तो कुठे जातो ते बघायला वन्सं असतात. त्या सांगतात, मी टेपने मोजते. अकरा वर्षांची वाटणी आहे.

आज मात्र त्या झाडामागे उभ्या होत्या, छत्री उघडून. ऊन बेताचंच होतं.

"पुढे या ना," मी म्हटलं.

"इथून छान दिसतं."

"झाडातून?"

"फटीतून. तू मार. थांब, मी छत्री जरा तिरकी धरते. हां, आता मार."

वय झालं की माणसं उन्हाला फार जपायला लागतात. पायांत मोजेही कसले जाडजूड, गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं, "सांधे धरलेत का?" त्या म्हणाल्या, "धरतील म्हणून आधीच घातले."

सरासरी अठ्ठावीस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ह्यांच्या आग्रहाखातर लवंगकडे गेले. लवंग म्हणजे क्लबचा प्रशिक्षक. पन्नाशीचा गृहस्थ, तोंडात कायम लवंग, त्यामुळे बोलतो थोडं आणि दातांतून.

"कुठे बघताय?"

"त्या पाण्याच्या टाकीकडे."

"चेंडू कुठे न्यायचाय?"

"झेंड्याकडे."

"मग टाकीकडे का?"

"कारण तो अठ्ठावीस पावलं डावीकडे जातो. मी तेवढी वजावट आधीच केलेली आहे." मी तक्ता दाखवला. लवंगने तो उलटासुलटा करून पाहिला.

"चौदा होते," तो म्हणाला. "मग बावीस. मग अठ्ठावीस."

"मला वाचता येतं."

"बाई, झेंडा कुठे आहे ते तुमच्या हातांना माहीत आहे. तुम्ही जितकं उजवीकडे तोंड कराल तितका हात चेंडू डावीकडे ओढणार. तुम्ही वजा करताय, हात परत मिळवताहेत."

"माझे हात माझं ऐकतात."

"ऐकतात ना. तेच सांगतोय." मग त्याने माझा उजवा हात स्टिकवर नीट बसवला. "तळवा खालून धरताय, परात उचलल्यासारखा. बाजूने धरा. कोणाशी हात मिळवतो तसा. आणि झेंड्याकडे सरळ उभ्या राहा."

"आणि चेंडू डावीकडे गेला तर?"

"जाऊ द्या. पण कुठे जातो ते बघा. तुम्ही मारल्यावर भलतीकडेच बघता."

चुकणार हे माहीत असताना मुद्दाम चुकीचं उभं राहायचं? बत्तीस वर्षं असलं काम मी लाल पेन्सिलीने परत पाठवलं आहे. आभार मानले आणि निघाले. आभार मानायला शाळेत शिकवलं होतं, मनापासून मानायला नव्हतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चौतीस.

आज हे मैदानावर आले होते. घडीची खुर्ची टाकून दहा मिनिटं बघत बसले. मग म्हणाले, "अगं, आणखी थोडी वळलीस तर माझ्याकडेच तोंड होईल."

शनिवार, १५ फेब्रुवारी

चाचणीला आठ दिवस. उत्तम बचाव म्हणजे कागदपत्रं. सेक्रेटरीला पत्र लिहिलं:

"माझ्या चेंडूने आजवर एकाही सजीवाला स्पर्श केलेला नाही. याउलट इतर सभासदांच्या चेंडूंनी किती जणांना इजा झाली, हे पाहण्यासाठी क्लबची प्रथमोपचार वही मला दाखवण्यात यावी. मंगळवार, दुपारी बारापर्यंत."

हे म्हणाले, "ते पहिलं वाक्य काढ."

"का?"

"लांब आहे."

लांब कुठे आहे? आठ शब्द आहेत. तसंच ठेवलं आणि खाली रेघ मारली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.

मंगळवार, रात्री

लिहायला हवं. त्याच दिवशी, तारीख-वेळेसकट.

पावणेबाराला सेक्रेटरीच्या खोलीत गेले. टेबलावर वही होती आणि तिच्यावर त्याचा हात. म्हणाला, "बाई, तुमची चाचणी होऊन जाऊ दे. मग बघा." मी म्हटलं, कोणाला पाठीशी घालताय? त्याने माझ्याकडे बघितलं, हात उचलला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

वर्षभरात सात नोंदी. मधमाशी, मधमाशी, चक्कर, खिळा, मधमाशी, बोट दारात. शेवटची १२ जानेवारीची, सकाळी आठ वाजता. डाव्या नडगीला गोल सूज, बर्फ लावला. कारण: सातव्या टीजवळ पायरीवरून घसरल्या. खाली वन्संची सही.

मी आधी चिडलेच. मला सांगितलं बाथरूम आणि इथे लिहिलं पायरी. एका माणसाने एका पायासाठी दोन कारणं देऊ नयेत. मग लक्षात आलं की सातव्या टीजवळ पायरी नाही. माझ्या नकाशात तिथे एक बाक आहे, टीच्या पुढे वीस पावलांवर, डाव्या हाताला. १२ तारखेला वन्सं तिथे बुटाची नाडी बांधायला बसल्या होत्या. मी म्हटलं होतं, मारते हं. त्या म्हणाल्या होत्या, मार. मी मारला आणि चेंडू जिथे जायला हवा होता तिकडे बघत राहिले.

मग त्या म्हणाल्या, झुडपात गेला, सोड.

सेक्रेटरी खिडकीतून बाहेर बघतच म्हणाला, "तुम्हाला कळता कामा नये असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून तुमचा खेळ थांबवायला मी काही निमित्त होईपर्यंत थांबलो." मी वही मिटली. त्याचे आभार मानले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, आणि तो घाबरल्यासारखा दिसला.

घरी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सगळ्या जगाला माहीत होतं."

"ती म्हणाली, वहिनीला कळलं तर ती स्टिक माळ्यावर टाकेल आणि परत भिंती बघत बसेल. म्हणून."

या वेळी मी त्यांना उत्तर दिलं नाही. ते तरीही गोंधळले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

स्टिक माळ्यावर टाकायला शिडी काढली. हे शिडी धरून उभे राहिले. मी तिसऱ्या पायरीपर्यंत गेले आणि उतरले. वर फार धूळ आहे.

दुपारी लवंगकडे गेले. तो म्हणाला, "वजावट?"

मी म्हटलं, "शून्य."

झेंड्याकडे सरळ उभी राहिले, हात मिळवल्यासारखी स्टिक धरली आणि मारून चेंडूकडे बघितलं. डावीकडे गेला. फार वाईट दिसतं ते. तो निघताना साळसूदासारखा निघतो आणि मग, तुम्ही बघत असताना, वळतो. वन्संनी अकरा वर्षं हे बघितलं आणि मला नुसते आकडे सांगितले.

तीस चेंडू मारले आणि तीसही बघितले. शेवटचे दहा सरासरी नऊ पावलं. वारा नव्हता. सात तारखेलाही नसावा.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चार पावलं. कधी पाच. लवंग म्हणाला, "आता त्याला हूक म्हणू नका, वळण म्हणा."

वन्संशी त्या चेंडूबद्दल अजून बोलले नाही. दोनदा फोन केला. शाळेत सिस्टर सांगत, माफी मागताना आधी आपण काय केलं ते सांगायचं, मग कसं वाटतंय ते. मला पहिलंच वाक्य फोनवर जमत नाही. दोन्ही वेळा ह्यांची तब्येत सांगितली. ती उत्तम आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

साडेसात. सातवा टी. हजर: सेक्रेटरी, लवंग, हे आणि त्यांची खुर्ची, पांढरी टोपी घातलेल्या मॅनेजरबाई (कोणी बोलावलं होतं, माहीत नाही), आणि झाडामागे उघडलेली एक छत्री. घंटेला जाड कापड गुंडाळलेलं होतं.

पहिला चेंडू डावीकडे, सतरा पावलं बाहेर. मॅनेजरबाई "अरेरे" म्हणाल्या, अर्ज नामंजूर करताना म्हणतात तसं. दुसराही बाहेर, सहा पावलं. उजवीकडे वळून उभं राहावं असं पायांना फार वाटत होतं. पाण्याची टाकी मला बोलावत होती. मी गेले नाही.

तिसरा आत. चौथा आत. पाचवा आत.

मग झाडामागची छत्री मिटली. वन्सं बाहेर आल्या, किंचित लंगडत चालत गेल्या आणि त्या बाकावर बसल्या. माझ्यापुढे वीस पावलांवर, डाव्या हाताला.

सेक्रेटरी म्हणाला, "बाई, तिथे नको."

वन्सं म्हणाल्या, "इथे सावली आहे."

तिथे सावली नव्हती. मी स्टिक खाली टेकवली, ही नोंद करणं भाग आहे. मी लवंगकडे बघितलं. त्याने लवंग या गालातून त्या गालात घेतली.

"वन्सं, उठा," मी म्हटलं.

"मार गं. मला नाडी बांधायचीये."

मी मारला आणि बघितला. बाकापासून आठ पावलं उजवीकडून तो पुढे गेला, टेकाडाच्या रेषेत आला, मग डावीकडे जरासा झुकला, घरंगळला आणि कडेच्या चुन्याच्या रेषेपाशी थांबला. सेक्रेटरी म्हणाला बाहेर. मी म्हटलं आत. मी टेप काढली, तो गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ बसून राहिला. एक वीत आत. उठताना म्हणाला, "रेषा तुम्हाला जास्त कळतात." हे शब्द जसेच्या तसे आहेत.

मग त्याने सांगितलं की जोड्यांची यादी शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होते, आणि मॅनेजरबाईंनी वन्संना आधीच विचारलेलं आहे. मी वन्संकडे पाहिलं. त्या नाडी बांधत होत्या. "विचार करून सांगते म्हटलंय," त्या बुटाला म्हणाल्या.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज पाठवलेल्या पत्राची नक्कल. हे स्वतः जाऊन देऊन आले, सही घेऊन.

"ती. वन्सं यांस,

रविवार, १२ जानेवारी रोजी सकाळी आठच्या सुमारास, सातव्या टीवरून, मी तुम्हाला चेंडू मारला. तो तुमच्या डाव्या नडगीला लागला. मी पाहिलं नाही, कारण मी भलतीकडे बघत होते. अकरा वर्षं बहुधा तिकडेच बघत होते. मला फार वाईट वाटतं आहे. हे वाक्य मी चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं आहे, तरी ते तेवढंच राहिलं.

आता माझी तक्रार. तुम्ही एका पायासाठी मला बाथरूम सांगितलं आणि क्लबला पायरी. दोन रविवार झाडामागे छत्री धरून उभ्या राहिलात आणि मला ऊन सांगितलंत. काल त्या बाकावर जाऊन बसलात, ते तर अक्षम्य आहे. या सर्वांचा मी निषेध करते.

सोबत नकाशा आणि लाल पेन्सिल पाठवत आहे. नकाशात एकच चेंडू बेपत्ता आहे. तुमचा पाय नेमका कुठे होता तिथे खूण करावी, म्हणजे तो सापडला असं मला लिहिता येईल.

तसंच ९ मार्चला तुम्ही माझ्यासोबत खेळणार की पांढऱ्या टोपीसोबत, हे कळवावं. खेळणार असाल तर चेंडू कुठे जातो ते यापुढे मी बघेन. तुम्ही फक्त मागे उभं राहायचं.

उत्तर लेखी हवं. फोनवर, ह्यांच्याकरवी किंवा नुसतं हसून दिलेलं उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. मुदत शुक्रवार, २८ फेब्रुवारी, दुपारी चार. यादी पाचला बंद होते, आणि सेक्रेटरीच्या खोलीपर्यंत आपल्याला तुमच्या पायाच्या वेगाने चालत जायचं आहे.

तुमची,
वहिनी"